पहिली रिंग

फोन वाजू लागला तेव्हा अनुरागने हात पुढे केला नाही. गुडगावच्या त्या काचेच्या इमारतीत, नवव्या मजल्यावरच्या कँटीनमध्ये, चहाच्या दोन कपांच्या मधोमध तो जाड, काळा फोन थरथरत टेबलावर बोटभर सरकला. पडद्यावर 'बाबा' ही अक्षरे उजळली होती.

"उचल ना यार," समोर बसलेली विनया म्हणाली. ती त्याच्याच टीममधली.

"पहिली रिंग याला जागं करायला. बोलायचं दुसऱ्या रिंगला."

"अच्छा, हाका मारून उठवायला लागतं! माझ्या भावासारखाच आहे."

अनुराग हसला. हा फोन घेतल्यापासूनच्या सात महिन्यांत तो या थट्टेला सरावला होता. या फोनच्या आतल्या प्रत्येक जोडणीचा नकाशा कुणालाही पाहायला खुला होता. आणि एकमेकांना कधीही न भेटलेल्या देशोदेशींच्या माणसांनी आपल्या फावल्या वेळात, एक पैही न घेता, त्याच्यावर फोन चालवणारी एक स्वतंत्र प्रणाली आणून बसवली होती. खोड एकच. तो फार गाढ झोपे. जाग येता येता पहिलाच कॉल उचलला तर जागच्या जागी गोठे, आणि मग बॅटरी काढून पुन्हा घालावी लागे. म्हणून बापलेकांत नेम ठरला होता: पहिला कॉल वाजून जाऊ द्यायचा, दुसरा घ्यायचा. दिल्लीत, द्वारकेच्या फ्लॅटमध्ये एकटे राहणारे त्याचे वडील, शांताराम, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी हा नेम एखाद्या परिपत्रकासारखा अंगी बाणवला होता. "आधी तुझ्या फोनला उठवतो, मग तुला," असे म्हणायचे.

रिंग शेवटपर्यंत वाजली आणि थांबली.

अनुराग वाट पाहत राहिला. विनयाने चहा संपवला. काचेपलीकडे अर्धवट उभ्या मनोऱ्यांवर क्रेनचे हात धुळकट उन्हात स्थिर होते, जणू कुणीतरी त्यांना मध्येच थांबायला सांगितले होते. फोन गप्प होता.

"दुसरी?" विनयाने विचारले.

त्याने घड्याळ पाहिले. पाच वाजायला दहा कमी. बाबा फोन करत ते सहानंतर, संध्याकाळचे पाणी भरून झाल्यावर. या वेळी ते बादल्यांपाशी उभे असत आणि नळ चालू असेपर्यंत तिथून हलत नसत.

त्याने फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली आणि आपोआप तुटली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बोट बटणावर गेले आणि तिथेच अडले. याच क्षणी तेही लावत असतील तर? आपणच त्यांची वाट अडवून बसलो असलो तर? लावावा तर भीती, न लावावा तर भीती. त्याने फोन टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिला. आज सकाळीच, घरून निघण्यापूर्वी, त्याने त्यात प्रणालीची नवी आवृत्ती चढवली होती. झोपेचा दोष आता गेला, असे दूरच्या कुठल्याशा बर्फाळ देशातल्या एकाने लिहिले होते. पण तसे तर यापूर्वी तिघांनी लिहिले होते. त्याने ते तपासून पाहिले नव्हते, बाबांना सांगितलेही नव्हते.

"हा घे, माझ्यावरून लाव," विनयाने आपला फोन पुढे केला. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

त्याने बाबांच्या समोरच्या फ्लॅटमधल्या हेमलताकाकूंना फोन लावला.

"अरे, मी खाली भाजीच्या गाडीपाशी आहे," काकू म्हणाल्या. "जाते ना वर. चावी आहे माझ्याकडे. तू बिल्कुल घाबरू नकोस, डोळा लागला असेल त्यांचा."

"काकू, त्यांनी फोन केला होता मला. आत्ताच."

"मग उचलला का नाहीस?"

त्याने टेबलावरच्या काळ्या फोनकडे पाहिले. "जाते, जाते," म्हणत काकूंनी फोन ठेवला.

तीन मजले, लिफ्ट नाही, काकूंचे गुडघे दुखरे. तो मनातल्या मनात त्यांच्याबरोबर जिना चढू लागला. पहिल्या वळणावर त्या पिशवी दुसऱ्या हातात घेतील. दुसऱ्या वळणावर कठड्याला धरून थांबतील. मग चावी शोधतील. दाराला आतून कडी नसू दे, एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. कुणाला म्हणत होता ते त्यालाही ठाऊक नव्हते.

एव्हाना पुन्हा झोपी गेलेला त्याचा फोन वाजला. पडद्यावर 'बाबा'.

सात महिन्यांचा नेम हाताच्या लक्षातही राहिला नाही. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत फोन कानाशी होता. तो गोठला नाही, खरखरला नाही. इतका स्वच्छ, इतका जवळचा आवाज त्याने त्या फोनमधून कधी ऐकला नव्हता.

"बाबा?"

"अनुराग, मी काकू." मग नुसता श्वास. जिना चढून आलेल्या माणसाचा. "अरे, घरभर पाणी झालंय रे."

"काकू, बाबा कुठे आहेत?"

"इथेच आहेत रे, जमिनीवर. थांब हं. आधी नळ बंद करते."

त्यांनी फोन कुठेतरी ठेवला. साचलेल्या पाण्यातून आत जाणारे त्यांचे एकेक पाऊल त्याला ऐकू आले. भरून वाहणाऱ्या बादलीचा आवाज ऐकू आला. पितळी नळ करकरत फिरला.

विनया काही विचारणार होती. त्याने हात वर करून तिला थांबवले. पलीकडे आता काहीच वाहत नव्हते.