नावेतली खुर्ची

"भिऊ नको पोरी, पट्टा मी बांधतो," गणपतराव म्हणाले आणि गोपिकाला अलगद उचलून त्यांनी नावेतल्या खुर्चीत बसवलं.

अंबाझरी तलावाच्या धक्क्यावर तिचे वडील नत्थूजी उभे होते. दोघं सावनेरहून पहिल्या बसनं आले होते. पोलिओनं गोपिकाचे पाय लहानपणीच गेले होते. मागच्या वर्षी ती शाळेच्या सहलीबरोबर इथं आली, तेव्हा नौकाविहार मंडळाचे चिटणीस म्हणून गणपतरावांनीच तिला अडवलं होतं. बाकीच्या पोरी पाण्यात गेल्या. ती काठावर बसून राहिली. रडलीसुद्धा नाही.

ते न रडणं गणपतरावांच्या मनातून जाईना.

एक्याऐंशी साल, जगभर अपंग वर्ष म्हणून जाहीर झालेलं. गावभर भाषणं चालली होती. गणपतराव कुठं बोलले नाहीत. त्यांनी रुंद बुडाची नाव मिळवली, धक्क्याला उतरण बांधून घेतली आणि पाठीला टेकू असलेली खुर्ची घरीच तयार केली.

"माप न घेता इतकी बरोबर कशी जी बसली?" नत्थूजींनी विचारलं.

"अंदाजानं." गणपतरावांनी वल्हं गोपिकाच्या हातात दिलं आणि ते समोर बसले.

नाव आधी जागच्या जागी फिरली, मग सरळ निघाली.

"बाबा, पाहा न! मी चालवून राहिली!"

परत आल्यावर नत्थूजी गणपतरावांच्या पायाशी वाकले. "तुमाले लेकरू नाई, तरी लेकराचं मन तुमाले समजते. तुमी काटोलचं घर सोडून इकडं आले, हे आमच्या पोरीचं नशीब."

गणपतराव झटकन मागं सरले. "नका असं करू. मी त्या लायकीचा नाही."

"मागच्या सालचं सोडा जी आता. पोरगी कवाच विसरली."

गणपतराव वाकून नावेचा दोर बांधू लागले.

"तुमच्या घरच्या बाई नाई आल्या पाहाले?" नत्थूजींनी विचारलं.

"तिला घर सोडवत नाही."

दिवेलागणीला ते घरी पोचले. त्यांच्या पत्नी जिजाबाई दारातच होत्या.

"शेजारच्या बाया आत्ताच गेल्या," त्या हळूच म्हणाल्या.

गणपतरावांनी पुढचं दार लावून घेतलं. मग मागच्या खोलीची बाहेरून घातलेली कडी काढली. गोपिकाएवढीच त्यांची मुलगी चारुलता जमिनीवरून हातांनी सरकत उंबऱ्यापाशी आली.

"बाबा, तलाव कसा असते, सांगा न."