आचलसाठी खास खोली

आचलला सिस्टिक फायब्रोसिस. फुफ्फुसात चिकट कफ साचतो, आणि त्यात एकदा का हट्टी जंतू घुसला की तो कोणत्याच औषधाला भीक घालत नाही. म्हणून तिच्या बापानं, हेमराजनं, देवळीतल्या तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका प्रमिलाबाईंना हात जोडले, "पोरीले खोकलणाऱ्या लेकरांपासून दूर बसवजा जी, मॅडम."

बाई भलत्याच हौशी. त्यांनी सामानाची खोली रिकामी केली, फिनाईलनं पुसून घेतली, खिडक्यांना जाळ्या ठोकल्या आणि हेमराजला बघायला बोलावलं.

"माशीची हिंमत नाई आत जायची," त्या म्हणाल्या.

हेमराजला भरून आलं. "पण पोरगी एकटी कंटाळंन ना जी."

"एकटी काऊन? वर्ध्याकडचा एक पोरगा हुडकून आणला. त्यालेबी हाच आजार, सेम टू सेम. आजपासून दोघं एका बाकावर. आता कोणाचं कोणाले काय लागणार, सांगा?"

डॉक्टरांनी हेमराजला बजावलं होतं, या आजाराची दोन लेकरं चुकूनही जवळ आणायची नाहीत, एकाचे हट्टी जंतू दुसऱ्याला सहज लागतात. अख्ख्या तालुक्यात असं दुसरं लेकरूच नाही, म्हणून हे शाळेत सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं. तो पोरीला बाहेर काढायला दाराकडे धावला.



प्रमिलाबाई दारात आडव्या झाल्या. "आधी हात धुवा, भाऊ. आतली लेकरं लय नाजूक हायेत."