दिवस बुडायच्या आत

मिरजेहून येणारी पॅसेंजर स्टेशनाच्या अलीकडंच सिग्नलला थांबली. फलाटाच्या टोकावरून ती सरळ दिसत होती. दिसून उपयोग काय? जेवणाचा डबा इकडं चंदनबालाकाकूंच्या हातात, आणि जेवणारे तात्यासाहेब तिकडं गाडीत. सूर्य साखर कारखान्याच्या चिमणीच्या खाली उतरलेला.

नवराबायको दोघांचाही नेम पक्का. दिवस बुडाल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, आणि बाहेरचं तर कधीच नाही. जैनाघरी यात नवल ते काय! पण आज तात्यासाहेब रक्त तपासायला पहाटे रिकाम्या पोटीच मिरजेला गेलेले. त्यात साखरेचं दुखणं. आता हुकलं की थेट उद्या सकाळी. काकूंचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

रुळाच्या कडेनं हरिबा गँगमन चालला होता.

"हरिबा, एवढा डबा गाडीत देतोस का रं? मागनं दुसरी बोगी. पांढरी टोपी हाय बघ."

"गाडी येतीयाच की काकू आत्ता. कुटं पळून चाललीया?"

"गाडी येईल रं. सूर्य थांबतोय व्हय?"

हरिबानं एकदा मावळतीकडं बघितलं, हातोडा खाली ठेवला आणि डबा घेऊन सुटला. पंचावन्नचा गडी, पण काय पळाला! काकू टाचा उंचावून बघत राहिल्या. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि डबा आत गेला. "सुटले बाई," म्हणत त्या बाकावर टेकल्या.

गाडी फलाटाला लागली ती चांगल्या पाऊण तासानं. दिवे लागले होते. तात्यासाहेब सावकाश उतरले. चेहऱ्यावर तरतरी आली होती.

"पोचला का वेळेत?"

"पोचला. लय झकास झालीया भाजी." त्यांनी डबा पुढं केला. "घे, तुजं निम्मं ठेवलंय. मी उपाशी असताना तू जेवणार न्हाईस, हे काय मला ठावं न्हाई? वाटलं, गाडी आत्ता हलंल."

काकूंनी झाकण काढलं. दोन भाकरी एका बाजूला नीट सारून ठेवलेल्या, त्यांच्या कडेला दोडक्याची भाजी. त्यांनी मान वर करून चिमणीकडं बघितलं. आता ती दिसतही नव्हती.

"दिवस कवाच बुडाला, आवं."

तात्यासाहेबांनीही तिकडं बघितलं. मग त्यांचा आवाज एकदम चढला. "दिवसभर घरात हुतीस की! दोन घास खाऊन यायला काय झालं हुतं?"

"तुमी तरी पोटभर कुटं जेवला?" काकू म्हणाल्या, आणि त्यांनी डब्याला झाकण लावलं.