स्मरणचित्र

कला माणसाला बघायला शिकवते, असं डहाळे सर दर वर्षी पहिल्या तासाला सांगत. दुसऱ्या तासापासून ते शाळेचे फलक रंगवायला घेत.

यंदा आदर्श कलाशिक्षक पुरस्कारासाठी त्यांचं नाव गेलं, आणि निवड समितीच्या मॅडम जालन्याहून घनसावंगीला आल्या. त्यांनी सातवीच्या वर्गाला स्मरणचित्राचा विषय दिला: 'आमचा चित्रकलेचा तास'. समोर बघून नाही, आठवून काढायचं. सर निर्धास्त होते. पाचवीपासून पोरं त्यांच्याच हाताखाली होती.

तासाभराने सगळी चित्रं टेबलावर आली. प्रत्येक चित्रात एक माणूस पाठमोरा उभा राहून फलक रंगवत होता. शर्टावरचा ऑइलपेंटचा डागसुद्धा जागच्या जागी होता.

"सरांचा चेहरा का नाही काढला गं कुणी?" मॅडमनी पहिल्या बाकावरच्या मोनिकाला विचारलं.

"आठवूनच न्हाई राह्यला, मॅडम. सर तिकडं तोंड करून असतेत."

"मग तुम्ही काय करता तेव्हा?"

"बिलकुल चूप बसतो. गडबड केली का सरांची रेघ हलती."

मॅडमनी सरांकडे बघितलं. सरांनी हात हळूच पाठीमागे नेले. बोटांना लाल रंग लागलेला होता. फाटकावरच्या 'सुस्वागतम'खालचं मॅडमचं नाव अजून वाळलं नव्हतं.