बाहेरचा हात

"ही सॅक आजच परत पाठवा, चिझुताई. बाहेरचा हात लागलाय तिला."

हिराबायाशीने सॅक टेबलावर ठेवली आणि पट्ट्याजवळच्या शिवणीवर बोट टेकवलं. तिथला दोरा जरा पिवळट होता. जपानमधल्या मात्सुमोतो शहरातल्या या सॅकच्या कारखान्याचा नियम जुना होता. आपण शिवलेली सॅक आपण कितीही वर्षांनी दुरुस्त करायची, पण मध्ये दुसऱ्या कुणी सुई घातली असेल तर तिला हात लावायचा नाही.

"तळाचं चामडं तेवढं गेलंय," चिझु म्हणाली. "बाकी ठणठणीत आहे."

"नियम तुमच्याच गुरूंचा. मी फक्त मालक आहे." तो दारात थांबला. "मार्चनंतर तसाही प्रश्न उरणार नाही."

मार्चमध्ये चिझु निवृत्त होणार होती आणि तिच्याबरोबर दुरुस्तीची खोलीही बंद होणार होती. तिच्या जागी कुणी मिळावं म्हणून सात वर्षं जाहिराती देऊन झाल्या. माणसं यायची, यंत्र शिकायची, निघून जायची. शेवटची मुलगी तर जाताना हसून म्हणाली होती, "नवं शिवायला मजा येते हो. पण दुसऱ्याचं उसवत कोण बसणार?"

सॅक एक्केचाळीस वर्षांपूर्वीची होती, चिझुचे गुरू नोझावा यांच्या हातची. त्याच नमुन्यावर शेजारच्या खोलीत आजही कॅनव्हास कापला जात होता. सोबत चार ओळींची चिठ्ठी होती. 'तळ झिजला आहे. जमल्यास दुरुस्त करावा. न जमल्यास तशीच परत पाठवावी. मोमोसे.' खाली फोन नंबर.

चिझुने नकाराचा कागद पुढे ओढला. त्यात कारण लिहावं लागे. म्हणून आत काय केलंय ते पाहायला तिने उजव्या पट्ट्याचे चार टाके उसवले आणि हात थांबला.

पट्ट्याच्या दोन थरांमध्ये लोकरीची एक पट्टी असे. ओझं खांद्यात रुतू नये म्हणून गुरुजी ती घालत. बाहेरून ती कुणालाच दिसत नसे. ती पट्टी कुणीतरी बदलली होती. जुन्या घोंगडीचा तुकडा खांद्याच्या वळणावर अचूक कापलेला, कडेला तासून कागदासारखा पातळ केलेला. चिझुने डावा पट्टा उसवला. त्यात गुरुजींची मूळ पट्टी तशीच होती. म्हणजे त्या माणसाने एक बाजू उघडली आणि दुसरी नमुना म्हणून जपून ठेवली.

आधी तिला रागच आला. आपल्या स्वयंपाकघरात शिरून कुणी डबे लावून गेल्यासारखा. मग ती टाके मोजू लागली. बोटाच्या एका पेरात आठ. ओझं पडतं तिथे दुहेरी. चार ठिकाणी तर टाके इतके सारखे होते, की फक्त दोऱ्याच्या रंगावरूनच गुरुजींचा हात कोणता नि परका कोणता ते कळत होतं. लोकर इतकी पातळ तासायला चिझुला सहा वर्षं लागली होती.

तिने चिठ्ठीवरच्या नंबरला फोन लावला आणि कारखान्याचं नाव सांगितलं.

"सापडलं ना?" पलीकडचा माणूस ओशाळून म्हणाला. "मला वाटलंच होतं. माफ करा, बाई."

"कुणाकडून करून घेतलंत हे?"

"कुणाकडून कसलं? मीच केलं. वर डोंगरात दुकान कुठं असतंय?"

मोमोसे चौतीस वर्षं डोंगरावर गिर्यारोहकांच्या मुक्कामाची झोपडी चालवत होता. तांदूळ, तेल, आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचे डबे, एकदा तर पाय मोडलेलं कुत्रं, सगळं या सॅकमधून वाहिलेलं.

"पावसात गिऱ्हाईक नसायचं. मग उसवून बघायचो, पुन्हा शिवायचो. पुढं पुढं लोक आपले फाटके तंबू, सॅक माझ्याकडंच टाकून जायला लागले. त्यांचंही करून द्यायचो. राग मानू नका."

"मग तळ का सोडलात?"

"जाड चामड्याला यंत्र लागतं. अन् आता वर पुतण्या जाणार. त्याच्या हातात धड वस्तू द्यावी म्हटलं. माझे गुडघे संपले, बाई. डॉक्टर म्हणाले, डोंगर विसरा. दिवसभर खिडकीशी बसून बायकोचं डोकं खातो."

चिझुने वर पाहिलं. हिराबायाशी कधी आत आला तिला कळलं नव्हतं. उसवलेला पट्टा त्याच्या हातात होता आणि तो लोकरीच्या कडेवरून अंगठा फिरवत होता, पुन्हा पुन्हा. नकाराचा कोरा कागद उचलून त्याने खणात टाकला आणि खण लावला.

"राहता कुठं तुम्ही?" चिझुने फोनमध्ये विचारलं.

"स्टेशनच्या मागं. का हो? सॅक घ्यायला यायचं का?"

"एका जागी किती वेळ बसवतं?"

मोमोसे हसला, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. "तेवढंच तर ठेवलंय डॉक्टरांनी. बसा म्हणाल तितका वेळ."

"मग सोमवारी सकाळी आठला या," चिझु म्हणाली. "इथं सगळं काम बसूनच करायचं असतं."