बाहेरचं कार्ड

दुसऱ्यांदाही कार्डाचे पंखे फिरले, पण लॅपटॉपला कार्ड दिसलं नाही.

अर्पितानं मान मागे टाकून डोळे मिटले. सकाळपासून ती एकाच वायरीशी भांडत होती. व्होल्टेज वाढून स्टुडिओतला मोठा कॉम्प्युटर जळाला, त्यातून वाचले ते पॉवर सप्लाय आणि व्हिडिओचं जड काम ओढणारं ग्राफिक्स कार्ड. भाऊ हरिओम केदारखेड्याला लग्नाच्या शूटिंगला गेलेला. भोकरदनच्या या गाळ्यातलं मिक्सिंगचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं, आणि हाताशी होता तिचा बीएस्सीच्या वेळचा लॅपटॉप.

त्याचं खालचं झाकण काढून जादा एसएसडी डिस्कच्या रिकाम्या खाचेत तिनं अडॅप्टर बसवला होता. त्यातून निघालेली चपटी केबल टेबलावरच्या कार्डापर्यंत आणली होती. कार्डाला वीज होती जळालेल्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून.

"बैल बाहेर अन् औत घरात, असं करून राह्यली का माय तू?" बाकावरचा म्हातारा म्हणाला.

"तसंच समजा मामा. हा बैल लॅपटॉपच्या घरात मावत नाही."

"मंग बाहेर बांधलेल्याचं घरातल्याला कळतंय का?"

"तार नीट बसली की कळतं. मग लॅपटॉपला ते आपल्या आतलंच वाटतं."

म्हातारा त्या केबलकडं बघत राहिला.

पिंपळगाव रेणुकाईकडून तो सकाळच्या गाडीनं आला होता. घाम पुसायला टोपी काढली की भादरलेलं डोकं दिसे. त्यावर नुकती कुठं खुंटं फुटत होती. मिशीही उतरवलेली. अर्पितानं ते पाहिलं आणि फार काही विचारलं नाही. त्यानं लग्नाच्या व्हिडिओचा पेनड्राइव्ह पुढं केला होता आणि फोटोंचं पाकीट. पोळा, जत्रा, कुणाचं तरी बारसं, आणि सगळ्यांत फेट्यातला, भरघोस मिशीचा एकच माणूस.

"पोरीच्या लग्नात बाप न्हाई. त्याला तिथं बसवून द्या," एवढंच तो बोलला होता.

अशी कामं हल्ली येत. गेलेले आजोबा, गेलेली आई, सगळे मांडवात येऊन आशीर्वाद देत. तिनं हळूच विचारलं होतं, "दहावा झाला?"

"झाला. नदीवर. सारी भावकी आल्ती."

लग्न देवळातलं होतं. बँड नाही, आहेर नाही, माणसं मोजकी. घरात कुणी गेलं की वर्षाच्या आत लग्न उरकून घेतात, तसलंच असणार.

"तुम्ही यात कुठं दिसत नाही, मामा?"

"घरी कुणी पाहिजे का न्हाई?"

"हे थोरले बंधू का तुमचे?"

"घरचाच माणूस." म्हाताऱ्यानं टोपी नीट केली. "होईल ना आज? उद्या सकाळी जालन्याला जाऊन राह्यलो. शिवकन्येच्या हातात द्यायचंय. हे नेलं तरच दारात उभं करील ती."

"रुसलीय?"

"हक हाय तिचा."

जमिनीवरून काहीतरी असेल. माणूस गेल्यावर पहिलं भांडण बांधावरच होतं, हे अर्पिताला घरचंच ठाऊक होतं. तिनं विषय सोडला आणि पुन्हा केबलकडं वळली.

केबल लांब होती. एवढ्या वेगात सिग्नल वाटेतच विस्कटत असणार. तिनं लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या खाचेचा वेग एक पायरी खाली आणला. मग सगळं बंद केलं. आधी कार्डाला वीज दिली, नंतर लॅपटॉप सुरू केला.

स्क्रीन बराच वेळ काळी राहिली. मग यादीत कार्डाचं नाव उमटलं.

आनंद व्हायलाही अंगात त्राण नव्हतं. "लागलं मामा," ती म्हणाली. "हळू चालेल, पण चालेल."

"हळू चालू दे. उशीर तर झालेलाच हाय."

व्हिडिओत, देवळात नवरदेवाचे मामा नवरीच्या बाजूला उभे होते. त्यांच्या धडावर फोटोतला चेहरा बसवायचा होता.

"फोटो जुने आहेत. मिशा पिकवू का थोड्या?"

"थोड्या कशाला? पार पांढऱ्या कर."

"सुरुवातीला नाव टाकते. काय नाव?"

"कचरू."

"आधी 'कै.' लावू?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. "नको. तिला न्हाई आवडायचं."

कार्ड तापलं. पंखे घरघरू लागले. म्हातारा बाकावरून उठून तिच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. स्क्रीनवर शिवकन्या पाया पडायला वाकली आणि पांढऱ्या मिशीच्या कचरूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हाताऱ्याचा श्वास अर्पिताला मागून ऐकू आला.

तेवढ्यात अक्षता टाकणारा कुणाचा तरी हात चेहऱ्यासमोरून गेला आणि सॉफ्टवेअर चुकलं. पुसल्यासारखी मिशी नाहीशी झाली. अर्पितानं तिथंच व्हिडिओ थांबवला. दुरुस्त करायला ती चेहऱ्याजवळ गेली आणि तिचा हात माऊसवर तसाच राहिला.

तिनं मागं वळून पाहिलं. घाम पुसायला म्हाताऱ्यानं टोपी काढली होती.

"मामा, हे तर तुम्हीच."

त्यानं भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"मग दहावा कुणाचा घातला?"

म्हाताऱ्यानं बोट उचललं. ते पुढं आलं आणि स्क्रीनवर वाकलेल्या शिवकन्येच्या डोक्यावर टेकलं.

"हिचा," तो म्हणाला. "आमच्या मर्जीबाहेर लगीन केलं म्हून, जितेपणीच. अन् उद्या हिच्याच दारात जायचंय."