कडी वाजवायची रीत

पेठ गावाजवळच्या जुन्या दगडी धर्मशाळेचं कुलूप काढून ठकूबाई म्हणाली, “ताई, आदी कडी वाजवा. आत कुणी न्हाई, पर रीत हाय. आतल्यांनी बाजूला व्हायला नको?”

फोटो काढणाऱ्यांना खपवायची गोष्ट ही! फोटो काढायला आलेली हर्षाली कडी न वाजवताच आत शिरली. मागं दार लोटलं गेलं.

तिनं फोटो काढून कॅमेऱ्यात पाहिले. खोलीच्या मधे धुळीचा जाड थर होता. भिंतीलगतची फरशी मात्र पायांनी घासून गुळगुळीत झालेली.

बाहेर कडी वाजली. म्हातारी मुद्दाम घाबरवतेय, हर्षाली चरफडली.

पण ठकूबाई दुसऱ्याच कुणाला तरी सांगत होती, “वाजवा पावणं. आत कुणी न्हाई.”

हर्षाली आपसूक भिंतीकडे सरकली. तिच्या डाव्याउजव्या अंगाला आणखी कितीतरी पावलं सरकली.